बंदुकीची नळी : ती केव्हां व कशी साफ करावी

फवारणीचा पंप काम संपल्यावर त्याच दिवशीं धुऊन ठेवावा लागतो, हें कोणाहि शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. न धुतलेला पंप पुढच्या वेळीं तोंड फिरवतो, हा अनुभव प्रत्येकानें एकदां तरी घेतलेला असतो. परंतु ज्यांच्या घरीं पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, त्यांपैकीं किती जण बार काढल्यावर त्याच दिवशीं तिची नळी पुसतात ? आमच्या पाहण्यांत असे गृहस्थ फार थोडे आले. कोणी दसऱ्यास शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशीं पुसतात, कोणी परवान्याच्या नूतनीकरणाच्या आदल्या दिवशीं, आणि कोणी मुळींच पुसत नाहींत. उलट कांहीं हौशी मंडळी नको तितकी व नको त्या पदार्थांनीं घांसतात. या तिन्ही प्रकारांत नळीचें नुकसान आहे, आणि प्रसंगीं जिवासहि धोका आहे. सबब नळी किती वेळां व कोणत्या रीतीनें साफ करावी, याचा थोडा कारणांसह विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही तालुक्याच्या कचेरींत कारकून असतांना शस्त्रपरवान्यांचें काम कांहीं वर्षें आमच्याकडे होतें. परवान्यांत लिहिलेला क्रमांक व नळीवर कोरलेला क्रमांक ताडून पाहणें हें त्यांतलें एक नित्याचें काम. कित्येक बंदुकांवर गंज इतका चढलेला असे कीं, क्रमांकाचे आंकडे भिंगाखालींहि लागत नसत, आणि तेवढ्यावरून धन्यास खेपा घालाव्या लागत. पण ती अडचण किरकोळ होय. एके वर्षीं भातकापणीच्या सुमारास एक शेतकरी डाव्या हातास मोठें बांधलेलें फडकें घेऊन कचेरींत आले. त्यांच्या हाताचीं दोन बोटें गेलीं होतीं. दुनळी बंदुकीची एक नळी पुढच्या लाकडी पकडीच्या जरा पुढें फाटून केळीच्या सालीसारखी उलगडली होती. पंचनाम्याची नक्कल आमच्या हातून गेली, म्हणून हकीकत आम्हांस नीट ठाऊक आहे. गृहस्थ निष्काळजी नव्हते. पावसाळा संपल्यावर त्यांनीं नळी स्वतः साफ करावयास घेतली होती. चिंधी जाड झाली, मध्यावर अडकली व गजाच्या टोंकावरून सुटून आंतच राहिली. संध्याकाळ झाली होती. "उद्यां काढूं, नाहींतर पहिल्या बाराबरोबर निघून जाईल," असें म्हणून त्यांनीं बंदूक ठेवून दिली. पांच-सहा दिवसांनीं रात्रीं डुकरें शेतांत शिरलीं, त्यांना हुसकावण्यासाठीं घाईनें काडतूस भरलें आणि बार काढला. चिंधी निघाली नाहीं, नळी गेली.

ही गोष्ट सांगण्याचा हेतु इतकाच कीं, नळी साफ करणें म्हणजे केवळ चकाकी आणणें नव्हे. नळी आरपार मोकळी आहे ही खात्री करून घेणें, हा त्या कामाचा मुख्य भाग आहे. ज्यानें पुसलें पण आरपार पाहिलें नाहीं, त्यानें काम अर्धवटच केलें.

आतां नळींत घाण कशाची सांचते तें पाहूं. ठासणीच्या बंदुकींत जी काळी दारू भरतात, तींत शेंकडा सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतें. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. द्राक्षबागाईतदार ज्यास १३:०:४५ म्हणून ओळखतात तेंच हें द्रव्य. ही दारू पेटली म्हणजे ती सगळी धूर होऊन जाते अशी पुष्कळांची समजूत आहे. तसें होत नाहीं. नोबल व एबल या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं बंद भांड्यांत दारू जाळून मापें घेतलीं व तीं १८७५ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांवरून असें दिसून आलें कीं, जळलेल्या दारूच्या वजनापैकीं निम्म्याहून अधिक भाग, म्हणजे शेंकडा सुमारें ५७, हा घन पदार्थ असतो. वायु होतो तो शेंकडा ४३ च. त्या घन भागांतला पुष्कळसा धुराबरोबर बाहेर जातो, पण बाकीचा नळीस चिकटून राहतो.

हा चिकटलेला पदार्थ कोणता, हें शेतकऱ्यास समजावणें सोपें आहे. त्यांत मुख्यतः तीन क्षार असतात. पहिला पोटॅशियम कार्बोनेट. लाकडाच्या राखेंत जो खार असतो तोच. दुसरा पोटॅशियम सल्फेट, म्हणजे आपलें ०:०:५० खत. तिसरा पोटॅशियम सल्फाइड. ओल्या नळीस सडक्या अंड्यासारखी घाण येते ती याच्यामुळें. अर्थात् बार काढलेली नळी म्हणजे आंतून खत फांसलेली नळी होय. उघड्या पोत्यांतील खत पावसाळ्यांत ओल धरतें, पाझरतें व खालच्या लोखंडी खाटेचे पाय खातें, हें आपण नित्य पाहतों. तोच प्रकार नळींत घडतो. विशेषतः राखेंतला खार हवेंतलें पाणी फार लवकर ओढतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हे क्षार पाण्यांत विरघळतात, तेलांत विरघळत नाहींत. म्हणून काळ्या दारूची नळी नुसती तेलाच्या बोळ्यानें पुसली तर वरची काजळी जाते, हात काळा होतो, व काम झालें असें वाटतें. परंतु क्षार तेलाखालीं तसाच राहतो आणि गंज आंतल्या आंत चालू राहतो. काळ्या दारूस पाणी हेंच औषध आहे. लोखंडास पाणी लावण्याचें पुष्कळांस भय वाटतें, पण जें पाणी क्षार धुऊन नेतें व लागलीच पुसून काढलें जातें तें लोखंडाचें मित्र होय. जें क्षाराच्या आश्रयानें महिनोन्‌महिने राहतें तें शत्रु. १८५७ सालच्या ज्या चरबीच्या काडतुसांची हकीकत आपण शाळेंत वाचली, त्यांस चरबी लावण्याचें कारणहि याच काजळीशीं संबंधित होतें. गोळी नळींतून सुलभ उतरावी व काजळी कडक न होतां मऊ राहावी, असा त्यांतला हेतु होता.

आतां काडतुसाच्या बंदुकीकडे वळूं. हल्लींच्या बारा बोअरच्या काडतुसांत बिनधुराची दारू असते. तिचा मूळ पदार्थ नायट्रोसेल्युलोज होय, व ती जवळजवळ सर्व वायुरूप होते. तिची काजळी थोडी व लोखंडास फारशी बाधक नसते. मग या बंदुकांसहि पूर्वीं गंज इतका कां चढे ? बरीच वर्षें दोष दारूकडे दिला जाई. नव्या दारूचें आम्ल लोखंडांत मुरतें व मागाहून "घामासारखें" बाहेर येतें, असें जाणते लोकहि म्हणत. १९२२ सालीं अमेरिकेच्या खाणविषयक सरकारी खात्यांतील हफ नांवाच्या शास्त्रज्ञानें खरा चोर पकडून दिला. तो दारूंत नव्हता, काडतुसाच्या बुडाशीं असलेल्या टोपींत होता. त्या काळीं टोपीच्या मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट घालीत. तें पेटल्यावर त्याचें पोटॅशियम क्लोराइड होतें व नळीभर पसरतें. हें पोटॅशियम क्लोराइड म्हणजे आपलें म्युरेट ऑफ पोटॅश, तांबड्या-पांढऱ्या खड्यांचें खत. जेवणांतल्या मिठाचा तो सख्खा भाऊ होय. हवेंतील आर्द्रता शेंकडा सुमारें ८४ च्या वर गेली म्हणजे तें हवेंतलें पाणी ओढून आपोआप विरघळूं लागतें. कोंकणांत व घाटमाथ्यावर पावसाळ्यांत आर्द्रता याहून कमी असणाऱ्या रात्री फार थोड्या. तेव्हां आज पुसलेली नळी परवां पुन्हां तांबूस कां दिसे, याचा उलगडा झाला.

हा शोध लागल्यानंतर क्लोरेटविरहित टोप्या प्रचारांत आल्या, व आज दुकानांत मिळणारीं नवीं चांगलीं काडतुसें बहुधा याच प्रकारचीं असतात. परंतु घरांत जुन्या सांठ्यांतलीं काडतुसें असतील, किंवा ठासणीच्या बंदुकीच्या केपा कोणत्या मसाल्याच्या आहेत याची खात्री नसेल, तर त्या क्लोरेटच्याच आहेत असें धरून चालावें. जादा सावधगिरीस एक तांब्याभर गरम पाणी लागतें, याहून अधिक खर्च नाहीं.

आतां नळी किती वेळां साफ करावी, या मुख्य प्रश्नाचें उत्तर देतां येईल. दर महिन्यास किंवा दर सणास, असा पंचांगाचा नियम येथें उपयोगी नाहीं. नियम प्रसंगाचा आहे, तो येणेंप्रमाणें :—

पहिला प्रसंग बार काढल्याचा. एक बार काढला काय आणि दहा काढले काय, नळी त्याच दिवशीं साफ झाली पाहिजे. रात्रीं बार काढला असेल तर सकाळचा चहा घेण्यापूर्वीं हें काम उरकावें. काळी दारू किंवा संशयित केप असल्यास गरम पाण्यानें धुवावी, व पुढचे दोन-तीन दिवस रोज एकदां चिंधी फिरवून पाहावी. चिंधी तांबूस निघाली तर क्षार राहिला आहे असें समजून पुन्हां धुवावी. स्वच्छ निघाली तर तेल देऊन ठेवावी.

दुसरा प्रसंग भिजल्याचा. बार काढला नसला तरी बंदूक पावसांत, दंवांत किंवा धुक्यांत नेली असेल, तर घरीं येतांच कोरडी करून तेल द्यावें. हातांच्या घामांत मीठ असतें. म्हणून नळीच्या बाहेरच्या अंगावरूनहि तेलाचें फडकें फिरवावें. समुद्रकांठच्या गांवीं खारी हवा असते, तेथें ही काळजी अधिक.

तिसरा प्रसंग नुसत्या ठेवण्याचा. बंदूक मुळींच वापरली नाहीं तरी पावसाळ्यांत पंधरा दिवसांतून एकदां व कोरड्या ऋतूंत महिन्या-दोन महिन्यांतून एकदां उघडून पाहावी. तेलाचा थर आहे असें दिसलें तर पुन्हां घांसत बसूं नये. नुसती तेलाची चिंधी एकदां फिरवावी.

चौथा प्रसंग भरण्यापूर्वींचा. हा सर्वांत महत्त्वाचा, कारण वर सांगितलेल्या गृहस्थांचीं बोटें याच ठिकाणीं चुकल्यानें गेलीं. प्रत्येक वेळीं, मग डुकरें शेतांत असोत वा नसोत, काडतूस घालण्यापूर्वीं नळी उघडून मागच्या बाजूनें उजेडाकडे आरपार पाहावें. नळींतलें जादा तेल कोरड्या चिंधीनें पुसून टाकावें.

आतां रीत सांगतों. साधनें फार लागत नाहींत : पितळेचा किंवा कठीण लाकडाचा गज, त्याच्या टोंकास बसणारा पितळी तारेचा ब्रश, जुन्या सुती धोतराच्या चार बोटें चौरस चिंध्या, व पातळ खनिज तेल. लोखंडी सळई कदापि वापरूं नये, तिचे ओरखडे नळीस पडतात. तेल बंदुकीचें म्हणून मिळतें तें उत्तम. न मिळाल्यास शिलाई यंत्राचें चालेल. पूर्वीं बंदुकांसाठीं "रंगून ऑइल" प्रसिद्ध होतें, तेंहि ब्रह्मदेशच्या खाणींतलें खनिज तेलच. खोबरेल, शेंगदाण्याचें, करडईचें किंवा जवसाचें तेल वापरूं नये. हीं तेलें वाळून चिकट होतात. जवसाचें तेल तर रंगासारखें थर धरतें, आणि त्याखालीं गंज लपून राहतो. रॉकेलानें चिकट काजळी सुटते खरी, पण रॉकेल क्षारास कांहीं करीत नाहीं व उडून गेल्यावर लोखंडाचें रक्षणहि करीत नाहीं. रॉकेल वापरल्यास त्यावर कोरडी चिंधी व नंतर तेल हें झालेंच पाहिजे.

प्रथम बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. मोडणाऱ्या बंदुकीची नळी उघडावी, काडतूस असल्यास काढावें, आणि काडतुसें दुसऱ्या खोलींत नेऊन ठेवावीं. "रिकामीच आहे" असें जिच्याविषयीं सर्वांस वाटत होतें अशाच बंदुकीनें साफ करतांना अपघात होतात. मुलांस त्या जागीं येऊं देऊं नये. नंतर पुढची लाकडी पकड काढून नळी दस्त्यापासून वेगळी करावी. नळी वेगळी झाली म्हणजे ती केवळ एक लोखंडी नळी उरते, व काम निर्धास्तपणें होतें.

गज नेहमीं मागच्या बाजूनें, म्हणजे काडतूस बसतें तिकडून, घालून तोंडाकडे न्यावा. यानें घाण यंत्राच्या भागांत पडत नाहीं व नळीच्या तोंडाची कड झिजत नाहीं. आधीं एक कोरडी चिंधी फिरवावी. मग तेलाचा हात दिलेला पितळी ब्रश आठ-दहा वेळां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत न्यावा. मध्येंच उलटा फिरवूं नये, तारा वांकून अडकतात. दोन ठिकाणीं विशेष लक्ष द्यावें. एक, काडतुसाचें घर संपून नळी सुरू होते ती जागा. दुसरी, तोंडाजवळचे शेवटचे दोन-तीन इंच, जेथें कित्येक बंदुकांत नळी किंचित् अरुंद केलेली असते व जिला चोक म्हणतात. या दोन ठिकाणीं छऱ्यांचें शिसें व हल्लींच्या काडतुसांतील प्लास्टिक घांसून चिकटतें, आणि त्यांच्या थराखालीं ओल लपते. ब्रशानंतर कोरड्या चिंध्या, त्या स्वच्छ निघेपर्यंत. आणि शेवटीं तेलाची एक चिंधी. तेल इतकेंच असावें कीं, बोट फिरविल्यास बोटास लागावें, पण टपकूं नये.

चिंधी गजावर बसवितांना ती बेताच्या जोरानें जाईल इतकीच जाड घ्यावी. जोरानें ठोकावी लागते ती चिंधी अडकणार हें नक्की. आणि एक साधा हिशेब ठेवावा : जितक्या चिंध्या आंत गेल्या तितक्या बाहेर आल्या पाहिजेत. आम्ही जन्मभर कीर्द-खतावणींत जमा व खर्च ताडून पाहिला, त्यापेक्षां हा ताळेबंद सोपा आहे व त्याची किंमत मोठी आहे.

ठासणीच्या बंदुकीची रीत थोडी निराळी. ती रिकामी आहे कीं भरलेली हें बाहेरून दिसत नाहीं. म्हणून गज तोंडांतून हलकेच तळापर्यंत सोडावा, तोंडाशीं खूण करावी, व तो बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहावा. खूण धरून गजाचें टोंक टोपी बसते त्या जागेपर्यंत पोंचत नसेल, दोन-तीन बोटें कमी पडत असेल, तर आंत जुना बार आहे असें समजावें. कित्येक घरांत आजोबांनीं भरलेला बार नातवाच्या हातीं आलेला आहे. अशा बंदुकीस ऊन पाणी, विस्तव किंवा ठोकाठोक यांचा स्पर्श होऊं देऊं नये. परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडे कळवून त्याच्याकडून बार काढवावा. रिकामी असल्याची खात्री झाल्यावर ज्या बोंडीवर टोपी बसते ती बोंडी किल्लीनें काढावी, नळी दस्त्यावरून सुटत असल्यास सोडवावी, आणि तिचा मागचा भाग बादलीभर कढत साबणाच्या पाण्यांत ठेवून गजास गुंडाळलेली चिंधी दट्ट्याप्रमाणें वरखालीं करावी. पाणी भोंकांतून आंत-बाहेर होतें व सगळा क्षार धुऊन निघतो. पाणी काळें झालें कीं बदलावें. शेवटचें पाणी निव्वळ व उकळतें घालावें. त्यानें नळी इतकी तापते कीं उरलेली ओल आपोआप सुकते. हात भाजूं नये म्हणून जाड फडकें धरावें. मग कोरड्या चिंध्या व नळी कोंबट असतांनाच तेल. बोंडीचें बारीक भोंक तारेनें मोकळें करून तीहि तेल लावून बसवावी.

येथें काय करूं नये हेंहि सांगितलें पाहिजे. तांब्या-पितळेच्या भांड्यांस चिंच, राख किंवा विटकर लावून उजळविण्याची आपल्या घरांत चाल आहे. तीच युक्ति नळीस करणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. चिंचेंत आम्ल आहे, राखेंत तोच खार आहे ज्याला घालविण्याचा आपण प्रयत्न करीत आहों, आणि विटकर लोखंडास कांठोकांठ झिजवते. पॉलिशकागद नळींत घालणेंहि तितकेंच वाईट. बारा बोअरच्या बंदुकीची नळी मागच्या बाजूस जाड असली तरी पुढें ती फार पातळ, कित्येक बंदुकांत सुमारें एक मिलिमीटरच असते. काडतूस पेटतांच घरांत क्षणभर जो दाब उत्पन्न होतो तो हवेच्या दाबाच्या सुमारें सातशें पटींपर्यंत जातो, व नळी पुढें पातळ कां चालते तर दाब पुढें पुढें उतरत जातो म्हणून. परंतु वाटेंत चिंधी, चिखल किंवा दुसरा कांहीं अडसर आला कीं दाब त्या पातळ जागींच एकदम उसळतो. म्हणून गंजाचे बारीक डाग ब्रश व तेल यांनीं जितके जातील तितके जाऊं द्यावे. खोल खड्डे पडले असतील तर घरीं घांसून नळी आणखी पातळ न करतां जाणत्या कारागिरास दाखवावी. फुगलेली किंवा चिरलेली नळी पुन्हां वापरूं नये. तोंडाचा बिघडलेला भाग करवतीनें कापून टाकण्याचा सल्ला गांवांत कोणीतरी देतोच. पण परवान्यावांचून नळी आखूड करणें हा शस्त्र अधिनियम, १९५९ च्या ६ व्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे, हें ध्यानांत ठेवावें. तसेंच काळ्या दारूसाठीं बनविलेल्या जुन्या बंदुकींत बिनधुराच्या दारूचीं काडतुसें घालूं नयेत. ती नळी कितीहि स्वच्छ असली तरी तो दाब तिच्यासाठीं नव्हे.

अडसर केवळ चिंधीचाच असतो असें नाहीं. कुंभारीण माशी भिंतीच्या भोंकांत जसें मातीचें घर बांधते तसें उघड्या नळींतहि बांधते, आणि तें वाळून विटेसारखें होतें. बांध उतरतांना पाय घसरला तर नळीचें तोंड चिखलांत रुततें. आणखी एक अडसर माणूस स्वतः घालतो. वीस बोअरचें काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकींत घातलें तर तें घरांतून पुढें सरकून नळींत अडकतें. बार होत नाहीं म्हणून शिकारी वरून दुसरें बारा बोअरचें काडतूस भरतो, आणि नळी फुटते. याच कारणास्तव वीस बोअरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करण्याचा प्रघात आहे. या सर्वांवर एकच उपाय : भरण्यापूर्वीं आरपार पाहणें.

ठेवण्याविषयीं थोडें. कातड्याच्या किंवा लोकरी अस्तराच्या म्यानांत बंदूक कायम ठेवूं नये. तें ओल धरतें व नळीस चिकटून राहतें. म्यान केवळ नेण्या-आणण्यापुरतें. खताच्या व मिठाच्या पोत्यांच्या खोलींत बंदूक ठेवूं नये, याचें कारण वर आलेंच आहे. कुलूपबंद कोरड्या कपाटांत, शक्य तर तोंड खालीं करून ठेवावी, म्हणजे तेल निथळून दस्त्याच्या लाकडांत मुरत नाहीं. नळीच्या तोंडांत ओल जाऊं नये म्हणून बोळा कोंबून ठेवण्याची चाल सर्वथा टाकून द्यावी. त्यानें आंतली ओल आंतच राहते, आणि विसरलेला बोळा म्हणजे दुसरा अडसर होय.

निवडणुकीच्या काळांत आदेश निघाला म्हणजे पुष्कळ परवानाधारकांस बंदुका ठाण्यांत जमा कराव्या लागतात, व त्या तेथें महिना-दोन महिने राहतात. तेथील कर्मचाऱ्यांनीं शेंकडों बंदुका पुसाव्या अशी अपेक्षा करणें रास्त नव्हे. म्हणून देण्यापूर्वीं स्वतः नळी साफ करून नेहमींपेक्षां जरा जाड तेल द्यावें, पावतीवर क्रमांक ताडून घ्यावा, आणि परत आणल्यावर त्याच दिवशीं उघडून, पुसून, आरपार पाहून मगच कपाटांत ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजीं पांच वर्षें झाली आहे. ही सोय खरी, पण जे नूतनीकरणाच्या आदल्या दिवशींच बंदूक पुसत असत त्यांच्या बंदुकींस आतां पांच वर्षें फडकें लागणार नाहीं, अशी आम्हांस भीति वाटते. जातां जातां हेंहि सांगितलें पाहिजे कीं, बंदुकीचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणें वेगळी घ्यावी लागते.

एकंदर तात्पर्य थोडक्यांत असें. बार काढला त्या दिवशीं पुसावी. काळ्या दारूस पाणी, नंतर तेल. बार काढला नसला तरी पावसाळ्यांत पंधरवड्यास एकदां पाहावी. गरजेपेक्षां घांसूं नये. चिंध्या मोजाव्या. आणि भरण्यापूर्वीं, कितीहि घाई असो, उजेडाकडे धरून आरपार पाहावें. रात्रीची वेळ असल्यास विजेरीचा उजेड घ्यावा. या शेवटच्या कामास जितका वेळ लागतो तितक्यांत डुकरें फार तर भाताच्या चार लोंब्या अधिक खातील. ज्या गृहस्थांची हकीकत आम्हीं वर दिली, त्यांनीं कचेरींतून निघतांना आम्हांस हेंच सांगितलें होतें. त्या हातानें त्यांना आतां विळा नीट धरतां येत नाहीं. त्यांच्या म्हणण्याकडे शेतकरी बंधूंनीं लक्ष द्यावें, अशी आमची विनंति आहे.